शनिवार रात्रीचा नकाशा: जालना रोडवरच्या एका अधिवेशन केंद्राचं प्रकरण

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघालं की चिकलठाण्याचं विमानतळ लागतं, मग शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचे रुंद रस्ते आणि पुढे करमाड. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. इगतपुरीपासून मुंबईच्या बाजूचा शेवटचा तुकडा जून 2025 मध्ये जोडला गेला आणि 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. या पट्ट्यात ज्याच्याकडे दहा-बारा एकर आहे, त्याला आता तिथे काहीतरी मोठं उभारावंसं वाटतं.

प्रकरणातल्या संस्थेकडे अशी 12 एकर जमीन आहे. विश्वस्त उद्योजक आहेत, बहुतेक शेंद्रा-वाळूजचे. त्यांची मागणी एका ओळीत बसते: तीन हजार आसनांचं, संपूर्ण वातानुकूलित, मराठवाड्यातलं सर्वांत मोठं अधिवेशन केंद्र. टेबलावर दिल्लीच्या भारत मंडपमचे आणि यशोभूमीचे फोटो आहेत, दोन्ही 2023 सालची. शेजारी हैदराबादच्या एचआयसीसी या अधिवेशन केंद्राचाही एक फोटो आहे; ते 2006 पासून चालू आहे आणि आपल्याकडचे लोक अधिवेशनाला तिकडे जातात, याची बोच त्यात आहे.

संस्था, विश्वस्त, व्यवस्थापक, मंडपवाले ही पात्रं मी वास्तुरचनेच्या विद्यार्थ्यांसाठी रचली आहेत. जमीन, ऊन, पाणी, तिथी आणि नियम मात्र जसेच्या तसे घेतले आहेत. इमारतीचे आकडे हे आरेखनातले निर्णय आहेत, कोणी तिथे जाऊन मोजलेले नाहीत.

आधी पंचांग

विद्यार्थी हमखास आसनांपासून सुरुवात करतात, कारण मागणीत आकडा तोच असतो. मी त्यांना आधी वर्षाचं पंचांग समोर घ्यायला लावतो आणि विचारतो, या जागेत कोणत्या महिन्यात कोण येणार?

तुळशीच्या लग्नानंतर विवाहाच्या तिथी उघडतात. पौष सोडला तर आषाढापर्यंत त्या येत राहतात. एप्रिल-मे हा त्यातला ऐन हंगाम. आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की कार्तिकीपर्यंत कार्यालयं ओस. डॉक्टरांच्या परिषदा, संघटनांची अधिवेशनं, उद्योगांची प्रदर्शनं हिवाळ्यात होतात. लघुउद्योजकांच्या मसिआ या संघटनेने ऑरिकमध्ये भरवलेलं ॲडव्हांटेज महाराष्ट्र एक्स्पो जानेवारीतच झालं होतं, 2023 साली. तिसरा गट बियाण्यांचा. महिको या बियाणं कंपनीची सुरुवात 1964 मध्ये जालन्यात झाली आणि आता तो जिल्हा बियाण्यांचा म्हणून ओळखला जातो. बियाणं कंपन्यांचे विक्रेता मेळावे खरिपाच्या आधी, म्हणजे मार्च ते मे. लग्नं आणि बियाणं दोघांनाही तोच महिना हवा, बऱ्याचदा तोच शनिवार-रविवार.

म्हणजे अर्धं वर्ष एका तारखेला तीन-तीन गिऱ्हाइकं आणि उरलेल्या अर्ध्यात दारात कुत्रं नाही. तीन हजारांचं एकच सभागृह बांधलं तर त्या गर्दीच्या तारखेला एकच पावती फाटते. लग्नाला ते अवाढव्य, विक्रेता मेळाव्याला त्याहून अवाढव्य. पावसाळ्यात साठ शिक्षकांच्या प्रशिक्षणाला तर कोणी ते उघडूनही देणार नाही; दिव्यांचा आणि थंड हवेचा खर्चच भाड्यापेक्षा जास्त व्हायचा.

आणि जे खरोखर मोठं असतं, त्याला तीन हजारही पुरत नाहीत. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला झालं, एप्रिल 2022 मध्ये उदगीरला. मुख्य मंडप, ग्रंथदालन, जेवणावळ, कविकट्टा, पोलिसांची राहुटी असा सगळा पसारा छताखाली घ्यायचा तर गावभर छत घालावं लागेल. असा कार्यक्रम मैदानावर मंडपातच होतो, पुढेही होणार. तीन हजारांचं सभागृह म्हणजे लहानांना मोठं आणि मोठ्यांना लहान. विश्वस्तांना हे ऐकायला आवडत नाही, पण पंचांग त्यांच्या घरीही भिंतीला टांगलेलं असतं.

पहिला आराखडा यातून निघाला: 30 बाय 40 मीटरचं, 1,200 चौरस मीटरचं एक सभागृह, सरकत्या भिंतींनी तीन भागांत तोडता येणारं. पुढे स्वागतकक्ष, मागे सेवा, बाजूला मैदान. कागदावर छान दिसत होतं.

एक रात्र, कागदावर

या प्रकरणाचा गाभा पुढच्या तीन तासांत आहे. मोठ्या कागदावर आराखडा छापून चार माणसांना बोलावलं: संस्थेने नेमायचं ठरवलेला व्यवस्थापक, ज्याने आधी मंगल कार्यालय चालवलंय, शहरातल्या एक आयोजक मॅडम, ज्या परिषदा भरवतात, मंडपवाले चाचा, आणि केटरिंगवाले शेठ. त्यांच्यापुढे मे महिन्यातली एक शनिवारची रात्र ठेवली. शनिवारी पूर्ण सभागृहात बियाणं कंपनीचा सातशे विक्रेत्यांचा मेळावा. रविवारी दोन भागांत लग्न, मुहूर्त दुपारी बाराच्या पुढचा. तिसऱ्या भागात सकाळी साडेनऊपासून डॉक्टरांची कार्यशाळा. सोंगट्या म्हणून नाणी, टेम्पो म्हणून काड्यापेट्या.

संध्याकाळी सहाला मेळावा संपतो. सातशे माणसं एकदम स्वागतकक्षात येतात. चहा, कंपनीची पिशवी, परतीच्या बसची चौकशी. सातला एलईडी पडदेवाल्याची गाडी मागे लागते. साडेसातला जेवण. व्यवस्थापक म्हणाला, जेवण हिरवळीवर. शेठ म्हणाले, मग ताटं परत कुठून येणार? मागच्या बोळातून. आठला वधूकडचं वऱ्हाड सामानासकट दारात उभं. त्यांना खोल्या हव्यात आणि रुखवताची पेटी ठेवायला कुलपाची जागा. नऊला फुलवाल्याचा छोटा हत्ती, म्हणजे लहान टेम्पो. दहाला पडदेवाला बाहेर निघतोय, चाचांची माणसं स्टेजचे पाइप आत नेतायत, खरकटी ताटं उलटी येतायत आणि चौघांसाठी आराखड्यात 2.4 मीटर रुंदीचा एक बोळ आहे.

चाचांनी काड्यापेटी बोळाच्या तोंडाशी ठेवली आणि हात काढून घेतला. "साहेब, इथं माझी गाडी बारापर्यंत उभी. पोरांना हजेरी मी देणार, का तुम्ही?"

सगळे हसले, पण प्रश्न हजेरीचाच होता. मागच्या बोळातला एक तास आयोजकाच्या बिलात जातो, चालवणाऱ्याच्या झोपेतून जातो आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना अर्धवट टांगलेल्या झालरींच्या रूपात दिसतो. तिघांच्या गरजा वेगळ्या आहेत, असं पुस्तकात लिहितात. आहेतच. पण त्या भांडतात एकाच ठिकाणी, मागच्या दाराशी, आणि एकाच वेळी, एक कार्यक्रम संपून दुसरा लागायच्या आत.

रात्र अजून संपली नव्हती. अकराला सरकत्या भिंती लावायच्या, त्यासाठी सातशे खुर्च्या उचलायच्या. ठेवायच्या कुठे? पहिल्या आराखड्यात भांडारघर होतं. मधल्या एका बैठकीत विश्वस्तांनी ते व्हीआयपी कक्षाला दिलं आणि 'खुर्च्या कुठेही बसतील' असं ठरलं. दहाच्या थप्पीने सातशे खुर्च्यांच्या सत्तर थप्प्या होतात. त्यात टेबलं, स्टेजचे चौरंग, पोडियम, गालिच्याच्या गुंडाळ्या. व्यवस्थापकाने शांतपणे सगळी नाणी व्हीआयपी कक्षात रचली. ती तिथे बरोबर मावली. त्यानंतर त्या कक्षाचा विषय कोणी काढला नाही.

रविवारी सकाळी आठला डॉक्टरांचं नोंदणीचं टेबल आणि लग्नाचा बँड एकाच पोर्चमध्ये. दहाला हळदीची गाणी सरकत्या भिंतीपलीकडे. मॅडमनी विचारलं, भिंत आवाज किती अडवते? कंपन्यांच्या पत्रकात भरपूर अडवते. पण भिंत खोट्या छतापर्यंतच गेली आणि वर पत्र्यापर्यंतची पोकळी मोकळी राहिली, तर आवाज वरून फिरून खाली येतो. पोकळीही बंद करता येते. पैसे लागतात आणि मिस्त्री प्रामाणिक लागतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे या भिंती रोज सरकवाव्या लागतात. रुळात धूळ भरते, खालची रबरी पट्टी फाटते, एक पाकळी अडकते आणि मग ती भिंत कायमची उघडी राहते किंवा कायमची बंद. मी सरकत्या भिंतींच्या विरोधात नाही, पण एका बाजूला मंगलाष्टका आणि दुसऱ्या बाजूला हृदयविकारावरचं व्याख्यान एवढा भार मी कुठल्याही सरकत्या भिंतीवर टाकणार नाही.

त्या रात्रीने बदललेला आराखडा

तीन भागांचं सभागृह गेलं. त्याऐवजी 30 बाय 30 मीटरचं, 900 चौरस मीटरचं मुख्य सभागृह, एकाच सरकत्या भिंतीने दोन भाग होणारं. आणि चौकापलीकडे 300 चौरस मीटरचं वेगळं, पक्क्या भिंतीचं छोटं सभागृह. दोघांचे पोर्च वेगळ्या दिशांना. बँड एकीकडे, डॉक्टर दुसरीकडे.

हिशेब साधा आहे. खुर्च्यांच्या रांगा लावल्या तर वाटा धरून माणसी सुमारे 0.9 चौरस मीटर, म्हणजे मुख्य सभागृहात हजार माणसं. गोल टेबलं मांडली तर माणसी दीड, म्हणजे सहाशे. प्रदर्शनाचा नेहमीचा स्टॉल 3 बाय 3 मीटरचा. चालायच्या वाटांना निम्मी जागा गेली तर 50 स्टॉल. आयोजकाला फोनवर हेच तीन आकडे हवे असतात. बहुतेक ठिकाणी त्याला एकच मिळतो, तोही फुगवलेला.

बोळाची गल्ली झाली: सभागृहाच्या मागच्या पूर्ण लांबीला, उघड्या आकाशाखाली, टेम्पो आत येऊन वळून जाईल एवढी रुंद. प्रत्येक भागाला गल्लीत उघडणारं स्वतःचं चार मीटर रुंद, चार मीटर उंच दार. माल उतरवायचा धक्का ट्रकच्या पाटाएवढा उंच करावा, असं परदेशी पुस्तकांत असतं. आपल्याकडे निम्म्याहून जास्त माल छोटा हत्ती आणि पिकअपमधून, डोक्यावर आणि खांद्यावर येतो. त्यांना उंच धक्का म्हणजे अडथळा. म्हणून एकच धक्का उंच, मोठ्या कंटेनरसाठी. बाकी दारं जमिनीच्या पातळीला.

स्वयंपाकघरावर विश्वस्तांनी स्टीलच्या झगझगीत यंत्रांसाठी पैसे ठेवले होते. शेठ म्हणाले, माझा आचारी स्वतःची भट्टी घेऊन येतो, ही यंत्रं त्याला चालवता येत नाहीत आणि मोडली तर तुम्ही मला धरणार. ते पैसे वाचले. त्यांच्या जागी तिन्ही बाजूंनी मोकळी, उंच छपराची शेड: फरशीला उतार, चर, चरातून तेलकट पाणी वेगळं करणारी टाकी, गॅसच्या टाक्यांना बाहेर जाळीचा पिंजरा, भांडी घासायला वेगळा ओटा. ताटं जायची वाट आणि यायची वाट निराळी. पाहुण्यांना या शेडचा वासही येऊ नये, पण गरम पोळी मात्र गरमच पोचावी, एवढ्या अंतरावर.

स्वच्छतागृहांवर मी वर्गात फार वेळ घालवतो, कारण विद्यार्थी त्यावर सर्वांत कमी घालवतात. शिक्षक प्रशिक्षणाला तीनशे महिला आहेत, पंधरा मिनिटांची सुट्टी आहे, निम्म्या जणी जातील, प्रत्येकीला अडीच मिनिटं. दीडशे गुणिले अडीच, भागिले पंधरा: पंचवीस जागा लागतात. आराखड्यात पुरुष-स्त्रिया समसमान म्हणून महिलांना आठ होत्या. विक्रेता मेळाव्यात उलट स्थिती, सातशेत महिला मोजक्या. म्हणून मधला एक गट दोन्हीकडून कुलूप लावता येईल असा ठेवला. कार्यक्रम पाहून तो एका बाजूला जोडायचा, पाटी फिरवायची. बदलाचा खर्च दोन दारं.

काळी माती, मे महिन्याचं ऊन

जागा काळ्या मातीची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसात फुगून वर येणारी. इमारतीचे खांब खोल जाऊन मुरमावर किंवा कातळावर टेकतात, त्यांचं निभतं. फसते ती फरशी. सभागृहाची फरशी थेट भरावावर बसते. खालची माती एका पावसाळ्यात फुगली की मधोमध उंचवटा येतो, सरकत्या भिंतीचा खालचा भाग घासायला लागतो आणि चाकावरचं सामान आपोआप कोपऱ्यात जातं. त्यामुळे काळी माती काढून थराथराने दाबलेला मुरूम भरायचा, पावसाचं पाणी इमारतीपासून लांब वाहील असा उतार द्यायचा आणि भिंतीलगत बाग करायची नाही. हा शेवटचा मुद्दा विश्वस्तांना पटवणं सर्वांत अवघड, कारण चित्रात भिंतीलगत गुलाब असतात.

छत कारखान्यात तयार होऊन येणाऱ्या लोखंडी सांगाड्याचं. स्वस्त, झटपट, तीस मीटर खांबाविना. पण हे सांगाडे नेमक्या भारासाठी काटेकोर तासलेले असतात. झुंबर, ध्वनिक्षेपक, दिव्यांचे ट्रस, फुलांची छत्री हे सगळं आयोजक वरून टांगणार. तो भार कारखान्याला आधी सांगितला नाही तर नंतर एक हूकही सुरक्षितपणे वाढवता येत नाही. टांगायच्या जागा आणि प्रत्येकीचं वजन नकाशावर, आणि तोच नकाशा आयोजकाला पावतीसोबत.

थंड हवेचा हिशेब डोळे उघडणारा आहे. बसलेला माणूस शंभर-सव्वाशे वॉट उष्णता देतो. हजार माणसांचे झाले सुमारे 110 किलोवॅट, म्हणजे तीसेक टन वातानुकूलन केवळ माणसांसाठी. त्यांना श्वासाला ताजी हवा हवी. बाहेरची 42 अंशांची हवा 25 वर आणायला जवळजवळ तेवढेच टन पुन्हा. छत, दिवे, पडदा यांचं अजून धरलेलंच नाही. आपली उन्हाळी हवा कोरडी आहे, एवढंच सुदैव. ताजी हवा आधी ओल्या जाळीतून घेतली तर त्या दुसऱ्या तीस टनांतला बराच भार उतरतो. त्याला पाणी लागतं तासाला दीडशे लिटरच्या आसपास, म्हणजे आठ तासांना बाराशे. परवडतं.

स्वागतकक्ष मात्र थंड करायचा नाही, यावर मी अडून बसलो. तिथे माणसं येत-जात असतात, दारं सताड उघडी, थंड हवा जालना रोडला वाटायची. त्याऐवजी उत्तर आणि पूर्व बाजूंना खोल ओसरी, मोठे संथ पंखे, बसायला कठडा, प्यायला पाणी. गावाहून आलेला शेतकरी काचेच्या थंडगार कक्षात अवघडून उभा राहतो, ओसरीवर टेकतो. त्याच्या गाडीचा ड्रायव्हर दिवसभर कुठे बसतो, हा प्रश्न कुठल्याही मागणीपत्रात नसतो. फाटकाजवळ त्यांच्यासाठी सावली, पाणी आणि स्वच्छतागृह दिलं.

पाण्याचं काय? संभाजीनगरला जायकवाडीतून पाणी येतं आणि तरी नळाला ते कित्येक दिवसांच्या अंतराने येत आलं आहे. शहराबाहेरच्या या जागेची गोष्ट टँकरवर जाणार. लातूरला 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते विसरून मराठवाड्यात कारंजी आखणाऱ्याला मी नापास करतो. सभागृहांना दर आसनी 15 लिटर धरायचा प्रघात आहे. हजार आसनांना दिवसाला 15 हजार, लग्नाच्या जेवणावळी वेगळ्या. सगळी छपरं मिळून 2,500 चौरस मीटर, पाऊस साधारण 700 मिलिमीटर, वाया जाणारं सोडून 14 लाख लिटर हाती येतं. एवढं साठवायला काँक्रीटची टाकी बांधायची तर खर्च डोक्यावरून जातो. पण आपल्या शेतकऱ्याने याचं उत्तर केव्हाच काढलंय. 30 बाय 30 मीटरचं, तीन मीटर खोल, प्लास्टिकचं अस्तर घातलेलं शेततळं यात सहज पुरतं. वर जाळी अंथरायची, नाहीतर उन्हाळा अर्धं पिऊन टाकतो; भोवती कुंपण, कारण लग्नाला मुलं येतात. हे पाणी स्वच्छतागृहांना, ओल्या जाळ्यांना आणि मैदानावर धूळ बसवायला. प्यायला आणि स्वयंपाकाला टँकर राहतोच, फक्त त्याच्या फेऱ्या कमी होतात.

मैदान हीच मोठी खोली

तीन हजारांचा आग्रह सोडायला विश्वस्त तयार झाले ते चार एकर मैदानामुळे. पण त्या मैदानाला 'पार्किंग व इतर' म्हणायचं नाही, ही अट.

मंडपवाल्याला मैदानावर काय हवं असतं, ते चाचांनी अर्ध्या तासात सांगितलं. वीज, पण दूरवरच्या जनरेटरपासून ओढलेली आणि माणसांच्या पायांत येणारी नको. पाणी. खरकट्या पाण्याला वाट. जर्मन हँगर, म्हणजे धातूच्या चौकटीचा मोठा मंडप, उभारायचा तर जमिनीत पक्की पकड, कारण काळ्या मातीत ठोकलेली खुंटी एका अवकाळी पावसात ढिली होते. आणि रात्री आत यायची परवानगी.

मैदानाचा वरचा थर मुरमाचा दाबून घेतला. ठरावीक अंतरावर झाकणबंद चेंबर: एकात विजेचा पॉइंट आणि इंटरनेटची तार, दुसऱ्यात पाणी आणि मैलापाण्याची जोडणी, दोन्ही एकमेकांपासून लांब. हँगरच्या नेहमीच्या मापांना जुळतील असे काँक्रीटचे ठोकळे जमिनीत पुरून त्यांना कड्या. एरवी यातलं काही दिसत नाही. कृषी प्रदर्शनात ट्रॅक्टर, मळणीयंत्र, हार्वेस्टर इथेच उभे राहतात. सभागृहात हार्वेस्टर नेऊ नये. लग्नसराईत इथे गाड्या लागतात. संमेलनासारखा कार्यक्रम आला तर मैदान हा मुख्य मंडप होतो आणि 900 चौरस मीटरचं सभागृह त्याचं ग्रंथदालन.

एक मर्यादा आधीच सांगून टाकावी लागते. 2000 सालच्या ध्वनिनियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. कवीसंमेलन रंगात आलेलं असतं तेव्हाच दहा वाजतात. म्हणून मैदानावरून सभागृहात जायची सावलीची, पायऱ्या नसलेली वाट. दहाला श्रोते उठून आत येऊ शकतात, चाकाच्या खुर्चीवाल्यासकट. उतार जिथे आला तिथे एकास बारापेक्षा तीव्र नाही.

फाटकं दोन. हे व्हीआयपीसाठी नसून बाकीच्यांसाठी आहे: मंत्र्यांचा ताफा पुढच्या फाटकावर बंदोबस्त लावून बसला की उद्घाटनाला आलेले सहाशे लोक उन्हात उभे राहतात, आणि मंत्री उशिरा येतात हे पंचांगात न लिहिलेलं सत्य आहे.

जे वाद राहिले

पश्चिमेची काच. रस्ता दर्शनी बाजूला पश्चिमेकडे आहे आणि विश्वस्तांना तिथे दोन मजली काच हवी, 'मोठं वाटायला'. दुपारी तीननंतर तिचा तवा होईल. मी भाजलेल्या विटेची जाळी सुचवली. ठरलं नाही. माझा अंदाज, काच होईल आणि तिसऱ्या उन्हाळ्यात तिच्यावर आतून पडदे लागतील.

खोल्या किती? लग्नाच्या दोन्ही पक्षांना मिळून बारा खोल्या आणि दोन मोठी दालनं दिली. मॅडमना परिषदेसाठी शंभर हव्यात. त्या इथे बांधायच्या नाहीत, हे माझं मत पक्कं आहे. शहरात हॉटेलं आहेत, विमानतळ वाटेत आहे. त्यापेक्षा सामानघर मोठं करा. परिषदेच्या शेवटच्या दिवशी पाहुणे सकाळीच हॉटेल सोडून बॅगांसकट येतात आणि जेवणानंतर वेरूळला निघतात. शुक्रवार ते रविवार परिषद झाली तर सोमवारी अजिंठा बंद असतं, मंगळवारी वेरूळ. ज्यांना दोन्ही पाहायचंय त्यांनी सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा असं जावं. ही माहिती नोंदणीच्या टेबलावर छापील ठेवा, असं मी व्यवस्थापकाला सुचवलं. त्याने ती दारावरच्या पाटीत टाकली.

तिसरा वाद क्रमाचा. पैसे टप्प्याने येणार. विश्वस्त म्हणाले, आधी मुख्य सभागृह, दर्शनी भाग, उद्घाटन. मैदानाची कामं आणि मागची शेड पुढच्या टप्प्यात. व्यवस्थापक म्हणाला, उलट करा. आधी मैदान, गल्ली, शेड, स्वच्छतागृहं, शेततळं आणि चौकापलीकडचं छोटं सभागृह. एवढ्यावर पुढच्या हिवाळ्यापासून पावत्या फाटायला लागतील, चाचांचा मंडप मैदानावर उभा राहील आणि मुख्य सभागृहाचं काम शेजारी चालू राहील.

बैठकीत मतं समसमान पडली. अध्यक्षांनी निर्णय पुढे ढकलला, पण दोन ठराव झाले: व्यवस्थापकाची नेमणूक निविदा काढण्याआधी, आणि भांडारघराची जागा त्याच्या सहीशिवाय कोणालाही न देणं. पहिल्या टप्प्यात काय बांधायचं, ते आता पुढच्या तुकडीने विश्वस्तांना पटवायचं आहे. काड्यापेट्या आणि नाणी मी देतो, पंचांग त्यांनी आणायचं.